बाकावर बसवलेला विषय

सरांना ‘रद्द’ हा शब्द घशाखाली उतरत नसे. कोणी तो उच्चारला की तोंडावर दार आपटल्यासारखं त्यांना वाटे. ‘पुढे ढकलली’ म्हटलं की कसं, दार नुसतं लोटून घेतल्यासारखं. कडी लागलेली नाही, मनात येईल तेव्हा ढकलावं आणि आत जावं. म्हणून मुलींच्या कॉलेजांमधल्या बास्केटबॉल स्पर्धेचं काय करायचं ते ठरवायला प्राचार्यबाईंनी पुन्हा बोलावलं, तेव्हा सर घरूनच कंबर कसून निघाले.

साथ सुरू होऊन बराच काळ लोटला होता. स्पर्धा एकदा पुढे गेली होती, मग आणखी एकदा गेली होती. यजमानपद सरांच्या कॉलेजाकडे होतं आणि बाकीच्या कॉलेजांनी निर्णय त्यांच्यावरच सोपवला होता. क्रीडाशिक्षक म्हणून सरांचा शब्द त्या वर्तुळात चालत असे.

प्राचार्यबाईंच्या खोलीतल्या खुर्च्या हलवून दोनच ठेवल्या होत्या, लांब टेबलाच्या दोन टोकांना. खिडक्या सताड उघड्या, वर पंखा जोरात, त्यामुळे टेबलावरच्या प्रत्येक कागदावर काही ना काही वजन ठेवलेलं. कशावर पेपरवेट, कशावर कुलूप, कशावर बाईंच्या चष्म्याचं घर. दोघांच्याही तोंडाला मास्क. एवढ्या लांबून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागे, आणि साधं बोलणंही बाहेरच्या शिपायाला भांडण वाटे.

“सर, बाहेरगावच्या मुलींना उतरवणार कुठे? वसतिगृहात आजाऱ्यांच्या खाटा पडल्यात.”

“आत्ता कुठे म्हणतोय मी, मॅडम? पुढे.”

“पुढे म्हणजे कधी?”

“पुढे म्हणजे... पुढे.”

“हे असलं उत्तर एखादीनं पेपरात लिहिलं तर गुण द्याल तुम्ही?”

“माझ्या विषयाला पेपरच नसतो, मॅडम.”

बाई हसल्या. मास्कमुळे नुसते डोळे हसलेले दिसले. मग त्या म्हणाल्या, “रद्द करून मोकळे होऊ या. वाईट वाटेल, पण काय ते एकदाचं कळेल तरी मुलींना.”

“निम्म्या मुली शेवटच्या वर्षाच्या आहेत. रद्द म्हटलं की त्यांच्या हातातला चेंडू कायमचा गेला. पुढे ढकलली म्हटलं की सकाळी उठायला काही कारण राहतं. घरात कोंडून बसल्यात बिचाऱ्या.”

यात खोटं काही नव्हतं. त्या निम्म्यांमधली एक सरांची सख्खी भाची होती, संघाची कॅप्टन. तेही सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सरांनी ते बोलून दाखवलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

“बरं,” बाई शेवटी म्हणाल्या. “ढकला पुढे. पण बाहेरच्या मुली खेळवायच्या नाहीत. खेळाडू कॉलेजच्या पटावर पाहिजे.”

“पटावर नाव असलं की झालं ना?”

“झालं.”

सर पायऱ्या उतरले ते एखादा सामना मारल्यासारखे. संध्याकाळी सगळ्या मुलींना फोनच्या पडद्यावर गोळा करून त्यांनी बातमी दिली. “स्पर्धा होणार. तारीख कधी लागेल ते लागेल, तुम्ही तयार राहायचं. पटावर नाव असलं की झालं!” पडद्यावरच्या चौकटी-चौकटींतून टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्यानं ओरडली ती भाची. उंचीमुळे तिला सगळे शिडी म्हणत, घरातसुद्धा.

सरांची बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. साथ आल्यापासून तिला घडीची उसंत नव्हती. ती घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन बसली तेव्हा सरांनी तिलाही बातमी दिली.

“परत ढकलली?” ती म्हणाली. “अहो, स्पर्धा आहे की बंद पडलेली गाडी? तुम्ही एकटे मागून ढकलताय आणि आत बसलेल्या पोरींना वाटतंय गाडी चालली.”

“तुला खेळातलं काय कळतं?”

“खेळातलं नाही कळत. ढकलण्यातलं कळतं. दुकानात रोज तेच करते, उद्या या, परवा या, येतंय औषध. येत नाही ते. लोक मात्र रोज रांगेत उभे राहतात.”

सरांनी ते कानाआड केलं.

पुढचे दिवस बरे गेले. रोज संध्याकाळी फोनवरून सराव चाले. कोणी गच्चीत, कोणी जिन्याखाली, कोणी स्वयंपाकघरात टेबल सरकवून. चेंडू आपटला की खालचे शेजारी ओरडत, म्हणून काही जणी मोज्यांचे गोळे करून पासचा सराव करत. सर आपल्या खोलीत उभे राहून हात हवेत नाचवत शिकवत, आणि बायको दारातून जाता जाता म्हणे, “माश्या उडून गेल्या, आता बसा.”

अशाच एका संध्याकाळी सराव संपल्यावर सर पाणी प्यायला उठले. फोन चालूच राहिला होता. मुलींना वाटलं, सर गेले. त्यांचं आपसातलं बोलणं सरांच्या कानावर पडलं.

“तू कुठला बसवलास गं?”

“शेवटचा.”

“मीसुद्धा शेवटचाच. शिडीनंही शेवटचाच बसवलाय बाकावर.”

“बरंय, शेवटी थकवा आलेला असतो, कोणाला संशय येत नाही.”

सर हातात भांडं धरून तिथेच थांबले आणि खूश झाले. त्यांना वाटलं, पोरी डाव आखतायत. शेवटच्या भागात कोणाला राखीव म्हणून बाकावर बसवायचं, दुसऱ्या संघाला संशय न येता दमलेली खेळाडू कशी बदलायची, त्याची चर्चा चाललीय. आपण न सांगता! जेवताना त्यांनी बायकोला हे अभिमानानं ऐकवलं. “बघ, घरात बसून डोकी तयार झालीत.”

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. सरांची धाकटी बहीण म्हणजे शिडीची आई. तिचे यजमान जहाजावर होते. साथीमुळे त्यांचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर उभं होतं आणि माणसांना उतरू देत नव्हते. पुढच्या महिन्यात येतो, असं ते दर महिन्याला सांगत.

“दादा, तुझी भाची अभ्यास करत नाही.”

“करत नाही? सगळ्यात हुशार पोरगी ती.”

“बाकी सगळं करते. संख्याशास्त्राचं पुस्तक मात्र कपाटावर टाकून दिलंय. मी विचारलं तर म्हणते, तो विषय बसवलाय. म्हणजे काय रे? कुठे बसवला?”

 फोन कानालाच होता. डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात ‘शेवटचा बसवलाय’ म्हणणाऱ्या सगळ्याच पोरी दिसल्या.

“मी येतो,” ते म्हणाले.

बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. आत जायचं नाही असं दोन्ही घरांचं ठरलेलं होतं, कारण मामीचा रोजचा संबंध आजारी माणसांशी. म्हणून सर जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर थांबले. शिडी वरच्या पायरीवर येऊन बसली, लांबलचक पाय दुमडून, मांडीत चेंडू. बहीण दारात उभी राहिली.

“संख्याशास्त्र बसवलंस म्हणे?” सरांनी विचारलं.

शिडीनं वळून आईकडे पाहिलं. “आई, तुझ्या पोटात काही म्हणून राहत नाही!”

“तू नऊ महिने राहिलीस, तेवढं पुरे झालं,” आई म्हणाली.

“बसवलं म्हणजे काय ते मला सांग.”

“पेपराला जायचं. नाव, नंबर लिहायचा. अर्धा तास बसायचं. कोरा देऊन यायचं.” शिडी चेंडूवरच्या रेघेवरून बोट फिरवत होती. “मग एक विषय राहतो. विषय राहिला की पुढच्या वर्षी नाव पटावर राहतं. आणि पटावर नाव असलं की झालं. तुम्हीच सांगितलंत, सर.”

“घरी सर नको म्हणू.”

“स्पर्धेचं बोलताय ना? मग सरच.”

“असं कितीजणींनी ठरवलंय?”

“शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांनी. शपथ घेतलीय, चेंडूवर हात ठेवून.”

“एकत्र जमलात तुम्ही? या साथीत?”

“नाही हो. ज्या त्या घरी, आपापल्या चेंडूवर. जिच्याकडे चेंडू नाही तिनं मोज्यांवर घेतली.”

एरवी सर पोट धरून हसले असते. आता त्यांनी कठड्याला हात टेकला. मग आठवण झाली की कठड्याला हात लावायचा नसतो, आणि त्यांनी तो काढून घेतला.

“आणि ती प्रयोगशाळेतली नोकरी? पाणी तपासायची? निकाल हातात असेल तरच जागा मिळणार ना?”

“ती पुढे ढकलली,” शिडी म्हणाली.

ती हे अगदी सहज म्हणाली. सरांचाच शब्द, सरांच्याच सुरात.

दारातून बहीण बोलली. आवाज न चढवता बोलली, म्हणूनच ते जास्त लागलं. “या घरात आधीच एक माणूस पुढे ढकललाय, दादा. दर महिन्याला त्यांच्या कपड्यांना ऊन दाखवते आणि परत कपाटात ठेवते. दुसरं माणूस असं ताटकळत ठेवायची माझ्यात ताकद नाही.”

“पेपर लिहायचा,” सर शिडीला म्हणाले. “मी सांगतोय.”

“आणि मी पास होऊन निघून गेले, आणि मागे स्पर्धा झाली तर? बाकीच्या माझ्या शब्दावर विषय ठेवून बसल्यात. कॅप्टननंच पळ काढायचा?” तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. “होणार आहे ना स्पर्धा? तेवढं सांगा. होणार असेल तर माझं बरोबर आहे. होणार आहे ना?”

सरांनी तोंड उघडलं. मुलींसमोर, बाईंसमोर, बायकोसमोर त्यांनी या प्रश्नाचं उत्तर इतक्या वेळा दिलं होतं की ते आपोआप जिभेवर आलं. पण समोर ही बसली होती, ढोपरं हनुवटीला टेकवून, आणि उत्तरावर आपलं वर्ष टाकायला तयार. त्यांना आठवलं की वसतिगृहातल्या खाटा वाढतच होत्या. स्पर्धेचे जुने पंच आजारातून उठले होते, पण जिना चढताना मध्येच बसत. ते कधी मैदानात धावतील असं वाटत नव्हतं. दोन कॉलेजांनी तर खेळाचे सराव बंदच करून टाकले होते. स्पर्धा होणार नाही हे त्यांना केव्हाचं कळलेलं होतं. नुसतं कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःला धरून.

“उद्या सांगतो,” ते म्हणाले आणि जिना उतरले.

“उद्या!” वरून शिडी म्हणाली. “तुमचा उद्या मला माहीत आहे.”

प्राचार्यबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला, परत घातला.

“एवढं भांडून तुम्ही ती पुढे ढकलायला लावलीत सर. बाकीच्या कॉलेजांनी तुमच्या शब्दावर मुली तयार ठेवल्यात. आता तुम्हीच रद्द म्हणता?”

“त्यांनी तयार ठेवल्यात म्हणूनच म्हणतो. तिथेही पोरीच आहेत. तिथेही पट आहे.”

बाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “मुलींना माझं नाव सांगा हवं तर. प्राचार्यबाईंनी रद्द केली म्हणा. मला त्या तशाही शिव्या घालतातच.”

“नको. मी ढकलली, मीच थांबवतो.”

कार्यालयातल्या लेखनिकानं सूचना तयार करून आणली. तिच्यात ‘अपरिहार्य कारणास्तव’ होतं, ‘सद्यःस्थितीत’ होतं, ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ होतं. सरांनी ते सगळं खोडलं. खाली लिहिलं, ‘मुलींची बास्केटबॉल स्पर्धा रद्द झाली आहे. ती नंतर घेतली जाणार नाही.’

लेखनिक डोकं खाजवत म्हणाला, “सर, फार कडक वाटतं. जरा मऊ करू का?”

“मऊ लिहून लिहूनच इथवर आलोय बाबा. जाऊ दे असंच.”

मग ते दुपारभर टेबलाशी बसून एकेका कॉलेजच्या शिक्षकांना फोन करत राहिले. कोणी म्हणालं, बरं झालं, डोक्यावरचं ओझं उतरलं. एक जण हसला, “आमच्या पोरी कुठे इतक्या खेळवेड्या!” आणि तासाभरानं त्याचाच परत फोन आला, आवाज उतरलेला. त्याच्याकडेही दोघींनी विषय बसवले होते, परीक्षा अजून व्हायची होती म्हणून निभावलं. पण आणखी एका कॉलेजची परीक्षा आधीच होऊन गेली होती. तिथल्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “आमच्या एकीनं कोरा पेपर दिला होता, सर. आम्हाला वाटलं घाबरली.”

सरांनी त्या मुलीचा नंबर मागून घेतला आणि स्वतः तिच्याशी बोलले. काय बोलले ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि पुढचा फोन लावायला त्यांना जरा वेळ लागला.

आपल्या मुलींना त्यांनी संध्याकाळी सांगितलं, सरावाच्याच वेळेला. काही जणी बूट घालून तयार होत्या.

“स्पर्धा रद्द झाली. पुढे नाही, नंतर नाही. तुमची स्पर्धा होणार नाही. पेपर लिहा.”

 मग एका कोपऱ्यातल्या चौकटीतून बारीक आवाज आला, “सर, पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी झाली तर ती पुढच्या वर्षीच्या मुलींची. तुमची नाही.”

एकीनं डोळे पुसले आणि पडदा बंद केला. दुसरी नुसतीच गेली. एकेक चौकट काळी होत गेली आणि शेवटी शिडी उरली.

“आमच्यासाठी भांडायला हवं होतं तुम्ही,” ती म्हणाली.

“भांडलो की गं.”

“मग हरलात?”

“हो.”

तिला हे उत्तर अपेक्षित नसावं.  तिचीही चौकट गेली.

बायको ताटं मांडत होती. सर येऊन बसले तेव्हा तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. टोमणा तयार असणार, सरांनी मान खाली घातली. पण तिनं पोळी वाढली, वर थोडी जास्त भाजी वाढली आणि म्हणाली, “गरम आहे तोवर जेवा.”

त्यानंतर शिडी त्यांच्याशी बोलेना. फोन केला तर आई उचले. “अभ्यास करते का?” सर विचारत. बहीण सांगे, “पुस्तक कपाटावरून खाली आलंय. टेबलावर आहे.” “उघडं?” “उघडं आहे, पण त्याच्यावर चेंडू ठेवलाय.” दुसऱ्या दिवशी, “चेंडू खाली आहे, पण पोरगी खिडकीशी.” पलीकडून शिडीचा आवाज येई, “आई, तू बातम्या देतेस का?” आणि फोन बंद होई. लिहील की नाही, हे सरांना परीक्षेच्या दिवसापर्यंत कळलं नाही.

परीक्षेला मुली दूरदूर बसवायच्या होत्या. कॉलेजात तेवढी मोठी, हवेशीर जागा एकच, बास्केटबॉलचं छपराखालचं मैदान. तिथे बाकं टाकली, आणि पर्यवेक्षक म्हणून सरांना उभं केलं. रिंगा वर दुमडून ठेवलेल्या होत्या. जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा बाकांच्या पायांमधून जात होत्या. कोणी मधल्या वर्तुळात बसलं होतं, कोणी अगदी रेषेवर. शिडीचं बाक बास्केटच्या खाली आलं होतं. ती आली, मास्कच्या वर नुसते डोळे, सरांकडे न बघता बसली. तिला बाक पुरत नव्हतं, ढोपरं वरच्या फळीला टेकत होती.

शेवटचा पेपर होता, संख्याशास्त्राचा. सरांनी कागद वाटले आणि भिंतीला लागून उभे राहिले. कोणाकडे टक लावून पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण डोळे जायचे तिथेच जात. तिनं नाव लिहिलं, नंबर लिहिला. मग पेन ठेवलं आणि वर दुमडलेल्या रिंगकडे बघत बसली. शेजारच्या बाकांवरच्या तिच्या संघातल्या दोघी-तिघी हळूच मान वळवून तिच्याकडे बघत होत्या. कॅप्टन काय करते, ते बघून त्या करणार होत्या.

सरांनी तोंड फिरवलं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. शिट्टी वाजवून, हातवारे करून तिला सांगता येण्यासारखं आता काही नव्हतं.

अर्ध्या तासाची घंटा झाली. ज्यांना उठायचं त्यांनी आता उठावं, असा तिचा अर्थ. सर तिथेच पाठमोरे उभे राहिले. बाक सरकल्याचा आवाज येतो का, ते ऐकत राहिले. पंख्यांची घरघर येत होती. कोणीतरी खोकलं, आणि सगळ्यांनी दचकून तिकडे पाहिलं, ठसकाच लागला होता. मग पुन्हा सामसूम, आणि त्या सामसुमीत कागदावर पेनं चालल्याची कुरकुर.

सर वळले. शिडी खाली वाकून लिहीत होती, इतकी वाकून की पाठीची कमान झाली होती. आजूबाजूच्या तिघीही लिहीत होत्या.

बऱ्याच वेळानं बास्केटखालून एक लांब हात वर आला. चेंडू अडवायला यावा तसा सरळ.

सर लगबगीनं गेले. चार हातांवर थांबले.

“पुरवणी,” ती म्हणाली. वर न बघता, एवढंच.

सरांनी पुरवणीचा कागद हात लांब करून बाकाच्या कडेला ठेवला. तिनं तो ओढून घेतला. त्यांनी खिशातला दोरा काढला, नेहमीप्रमाणे बांधून द्यायला.

“राहू दे, मामा. मी बांधते,” ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

मधल्या वर्तुळातून आणखी एक हात वर झाला होता. सर कागद घेऊन तिकडे निघाले.